लक्ष्मीपूजन, नवी वही आणि ‘मोफत’ कार्ड

आश्विनातील अमावास्येच्या प्रदोषकाळी साताऱ्याच्या मोती चौकात काय किंवा सांगलीच्या गणपती पेठेत काय, दुकानांतून एकच दृश्य दिसते. पाटावर नवी वही मांडलेली असते, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक रेखाटलेले असते, बाजूला लाह्या-बत्तासे आणि धणे-गूळ. घरोघरच्या पूजेत नवी केरसुणी, चांदीचा रुपया आणि कपाटाच्या किल्ल्या असतात. या मांडणीत गेल्या काही वर्षांत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. कमावत्या मुलाचे किंवा सुनेचे क्रेडिट कार्ड तबकात अलगद ठेवलेले दिसते. त्यावर हळदकुंकू वाहावे की नाही याचा निर्णय धर्मशास्त्रात शोधण्याचे कारण नाही. तो कीर्द-खतावणीत शोधावा लागेल. कारण केरसुणी, रुपया आणि किल्ली या तिन्ही वस्तू आपल्या मालकीच्या आहेत, आणि कार्ड ही दुसऱ्याने दिलेली उधारीची चिठ्ठी आहे.

या दिवसांत बँकांचे दूरध्वनी आणि संदेश विशेष जोमाने येतात. ‘वार्षिक शुल्क नाही, खरेदीला संरक्षण, प्रवासात सवलती’ ही त्यांची त्रिसूत्री. तिच्यातील एकही शब्द खोटा नसतो. परंतु तिच्यातला कोणता शब्द आपल्या घराच्या उपयोगाचा आणि कोणता नाही, हे संदेश पाठविणारा सांगणार नाही. ते आपणच ठरवावयाचे आहे. आणि सातारा-सांगलीच्या माणसाचे उत्तर मुंबई-पुण्याच्या माणसाच्या उत्तराहून पुष्कळ वेगळे निघते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हुंडीची परंपरा

उधारीच्या चिठ्ठीवर यात्रा करणे ही कल्पना आपल्या धर्मजीवनाला नवी नाही. महिपतीबुवांच्या ‘भक्तविजया’त नरसी मेहतांची कथा आपल्या आजी-पणजींनी ऐकली आहे. द्वारकेस निघालेल्या यात्रेकरूंना वाटेत चोरांचे भय, म्हणून त्यांनी रोकड मेहतांच्या स्वाधीन केली आणि द्वारकेच्या पेढीवरची हुंडी मागितली. मेहतांची तेथे पेढी कुठली असणार? त्यांनी साक्षात शामळशा शेटजींच्या नावे हुंडी लिहिली आणि भगवंताने ती वटविली. कथेतील भक्तीचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तर व्यवहार उरतो तो असा : यात्रेकरूने रोकड बाळगू नये, त्याच्या नावे परगावी कोणी तरी पैसे मोजावेत आणि मागाहून हिशेब व्हावा. आजचे कार्ड हेच करते. फरक इतकाच की शामळशाने मागाहून देयक पाठविले नाही. बँक ते ठरल्या तारखेस अचूक पाठविते.

हुंडीची जागा आपल्याकडे बँकांनी घेतली तीही फार जुनी गोष्ट नव्हे. सांगली बँक १९१६ साली निघाली, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ साली. दोन्ही जिल्ह्यांतल्या कित्येक घरांत पहिले खाते यांपैकी एकीत उघडले गेले. व्यवस्थापकाला अर्जदाराचे घराणे, त्याची जमीन आणि क्वचित त्याच्या आजोबांची उधारीसुद्धा ठाऊक असे. २००६ साली युनायटेड वेस्टर्न बँक आयडीबीआयमध्ये आणि २००७ साली सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. भारतात सेंट्रल बँकेने १९८० साली क्रेडिट कार्ड काढले, तेव्हा ते मोठ्या शहरातील मोजक्या लोकांपुरते होते. आज ते विट्याच्या आणि फलटणच्या तरुणाला भ्रमणध्वनीवरच्या काही मिनिटांच्या कामाने मिळते. देणाऱ्याला त्याचे घराणे माहीत नसते. ३०० ते ९०० यांमधला एक पतगुणांक तेवढा माहीत असतो. तोंडओळखीची उधारी संपली आणि आकड्याची सुरू झाली. तोंडओळखीच्या उधारीत मुदत थोडी मागेपुढे होत असे. आकड्याच्या उधारीत ती होत नाही, आणि येथेच ‘मोफत’ या शब्दाचा खरा अर्थ लपलेला आहे.

मोफत कशावर?

वार्षिक शुल्क नसलेली कार्डे तीन तऱ्हेची असतात. काही आजन्म मोफत असतात. काहींचे शुल्क पहिल्या वर्षापुरतेच माफ असते. काहींचे वर्षभरात ठराविक रकमेची खरेदी केली तरच माफ होते. तिसरी तऱ्हा सणाच्या दिवसांत सर्वांत धोक्याची, कारण पाचशे रुपयांचे शुल्क वाचविण्यासाठी माणूस पाच हजारांची अनावश्यक खरेदी करतो आणि वर त्यास काटकसर म्हणतो. तेव्हा ‘आजन्म मोफत’ हे शब्द लेखी घ्यावेत. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली काढलेल्या निर्देशांनी महत्त्वाच्या अटी वेगळ्या आणि ठळक करून देण्याचे बंधन बँकांवर घातले. त्या पानांत शुल्काची ओळ शोधून मगच संमती द्यावी.

मग शुल्क न घेणारी बँक जगते कशावर? काही अंशी दुकानदाराकडून मिळणाऱ्या कमिशनावर. परंतु मुख्यतः तारीख चुकविणाऱ्यांवर. हिशेब एकदा पाटीवर मांडून पाहू. समजा, दिवाळीत कार्डावर ४०,००० रुपयांची खरेदी झाली. देयकावर दोन आकडे छापून येतात, एक पूर्ण देय रक्कम आणि दुसरा किमान देय रक्कम. किमान रक्कम पाच टक्के धरली तर २,००० रुपये. माणसाला वाटते, दोन हजार भरले, तारीख पाळली, आपण सुटलो. व्याजाचा दर महिन्याला साडेतीन टक्के असेल तर ढोबळमानाने त्या महिन्याचे व्याज १,४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे २५२. म्हणजे भरलेल्या दोन हजारांतून १,६५२ रुपये व्याज-करात गेले आणि मूळ कर्ज कमी झाले ३४८ रुपयांनी. शिवाय जुनी बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. पुढच्या महिन्यात घेतलेल्या तिळगुळाच्या साखरेवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढते. याउलट त्या चाळीस हजारांवर मिळालेली बक्षिसाची गुणसंख्या शेकडा एक धरली तरी चारशे रुपयांची.

महिन्याला साडेतीन म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के. या आकड्याशेजारी आणखी एक आकडा ठेवून पाहावा. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यान्वये परवानाधारक सावकाराला विनातारण कर्जावर शेतकऱ्याकडून वर्षाला बारा आणि बिगरशेतकऱ्याकडून अठरा टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. बँकांना हा कायदा लागू नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली, कार्डावर तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय दिला होता. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. हा विषय रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला आहे, आयोगाच्या नव्हे, अशी न्यायालयाची भूमिका. कायद्याच्या दृष्टीने ती बरोबर असेलही. परंतु तिचा परिणाम हा की कार्डधारकाच्या डोक्यावर जे एक छप्पर सोळा वर्षे उभे होते असे वाटत होते ते आता नाही.

आपल्या शास्त्रकारांनी या बाबतीत काही विचार केला होता, हे सणाच्या निमित्ताने स्मरावयास हरकत नाही. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ नये, हा दामदुपटीचा नियम मनुस्मृतीत सापडतो आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी तो हिंदू ऋणकोंच्या बाबतीत पुढेही मानला. १८७५ साली सुप्याला सावकारांचे रोखे जाळले गेले, त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि तो ज्या जिल्ह्यांना लागू झाला त्यांत सातारा होता. आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्या वेळी साताऱ्यातच मोडत. कर्जाच्या कागदाची दहशत या मातीला ठाऊक आहे. देहूच्या तुकोबांनी घराण्याच्या सावकारीतील आपल्या वाट्याचे रोखे इंद्रायणीत बुडविले, असे परंपरा सांगते. आजचे रोखे मात्र नदीत बुडविता येत नाहीत. ते ढगातल्या संगणकात असतात.

येथे शेतकरी कुटुंबाचा एक स्वतंत्र मुद्दा आहे आणि तो कोणत्याही जाहिरातीत येत नाही. कार्डाचे कालचक्र नोकरदाराच्या पगारावर बेतलेले आहे : महिनाभर खर्च, मग देयक, मग सुमारे पंधरा-वीस दिवसांत भरणा. कृष्णाकाठच्या उसाचे पैसे असे महिन्याने येत नाहीत. ऊस तोडून गेल्यावर चौदा दिवसांत रास्त भाव द्यावा, असे १९६६ चा नियंत्रण आदेश म्हणतो. प्रत्यक्षात ते पैसे कधी एकरकमी, कधी हप्त्याहप्त्याने येतात, आणि गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागेच सुरू होत असल्याने सणाच्या वेळी नव्या उसाचा पैसा हाती नसतो. हळदीचा पैसा तर शिमग्याच्या सुमारास दिसू लागतो. म्हणजे कार्डाची मुदत पंचेचाळीस-पन्नास दिवसांची आणि पिकाची मुदत पाच-सहा महिन्यांची. या दोन मुदतींमधल्या खड्ड्यात बेचाळीस टक्के व्याज उभे आहे. ज्या घरात महिन्याचे बांधील उत्पन्न नाही, त्या घराने कार्डावर तेवढीच खरेदी करावी जिचे पैसे खरेदीच्या दिवशीच बचत खात्यात बाजूला ठेवलेले आहेत. त्या अटीवर कार्ड उपयोगी आहे. पीक आल्यावर भरू, ही अट मनात असेल तर कार्डापेक्षा गावची सोसायटी बरी.

नोकरदारानेही एक हक्क वापरावा. देयकाची तारीख निदान एकदा बदलून घेण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने कार्डधारकाला दिलेली आहे. पगार एक तारखेला होत असेल तर भरण्याची तारीख पाच-सात असावी, अठ्ठावीस नसावी; आणि खात्यातून आपोआप वळती करावयाची ती पूर्ण रक्कम, किमान नव्हे. हा एक पर्याय अर्जावर निवडताना पुष्कळांची चूक होते.

संरक्षण कशापासून?

आता ‘खरेदीला संरक्षण’. या शब्दांनी डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते असे की घेतलेली वस्तू बिघडली, हरवली, बुडाली तर बँक भरून देईल. नियमपत्र वाचले की चित्र आक्रसते. हे संरक्षण म्हणजे बँकेने एखाद्या विमा कंपनीकडून घेतलेला गट विमा असतो. तो बहुधा आग आणि घरफोडी एवढ्यांपुरता, खरेदीपासून ठराविक दिवसांपर्यंत, ठराविक रकमेपर्यंत. मोफत कार्डांवर तो पुष्कळदा नसतोच. असला तर रक्कम लहान असते. आणि दिवाळीच्या खरेदीतली जी मुख्य वस्तू, म्हणजे धनत्रयोदशीचे सोने, ते दागिने, रोकड आणि नाशवंत वस्तू यांच्याबरोबर अपवादांच्या यादीत पुष्कळदा बसलेले असते. सोन्यावर बक्षिसाचे गुण न देणाऱ्या आणि हप्त्यांची सोय नाकारणाऱ्या बँकाही बऱ्याच आहेत. सराफाने कार्डासाठी वर शेकडा दोन मागितले तर हिशेब आणखी बिघडतो. सोन्यासाठी खरे संरक्षण दागिन्यावर कोरलेल्या सहा अक्षरांकांच्या हॉलमार्क ओळखक्रमांकाचे, जो १ एप्रिल २०२३ पासून विक्रीसाठी अनिवार्य झाला, आणि पक्क्या पावतीचे. या दोहोंना कार्ड लागत नाही.

परंतु सांगलीकरांनी या नियमपत्राला विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे : यात पाणी आहे काय? ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या घरात गेली. तेथे धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. फ्रिज, धुलाईयंत्रे, शिवणयंत्रे, नवे पलंग, सारे दिवसच्या दिवस गढूळ पाण्यात होते. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा शिरले, आणि त्याच दिवसांत साताऱ्याच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे डोंगर घरांवर कोसळला. कार्डावरचे आग आणि घरफोडीचे संरक्षण अशा वेळी काही देत नाही. या दोन जिल्ह्यांतील घरसामानाचे खरे शत्रू पाणी आणि दरड. त्यांच्यासाठी निराळी सोय आहे, आणि तिची जाहिरात फारशी कोणी करीत नाही : १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची घरविमा योजना देणे विमा नियामकाने बंधनकारक केले. तिच्यात आगीबरोबर पूर, वादळ, भूकंप आणि दरड कोसळणेही येते. इमारतीचा विमा उतरविला की तिच्या विमारकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत, कमाल दहा लाखांपर्यंत, घरसामान आपोआप त्यात धरले जाते. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ज्यांनी अनुभवला त्यांना या यादीचे महत्त्व सांगावयास नको. नदीकाठच्या पेठेत राहणाऱ्याने कार्डाच्या संरक्षणाची तुलना करीत बसण्यात जी संध्याकाळ घालवावयाची, ती या अर्जात घालवावी.

मग कार्डाने खरेदी करण्यात संरक्षण काहीच नाही काय? आहे, पण ते जाहिरातीत मोठ्या अक्षरांत नसते. बचत खात्यातून पैसे दिले की ते आपल्या घरातून गेलेले असतात आणि परत मागणारे आपण असतो. क्रेडिट कार्डाने दिले तर तूर्त बँकेचे गेलेले असतात, आणि वस्तू आलीच नाही, मोडकी आली, सांगितली त्याहून वेगळी आली, तर त्या व्यवहाराविरुद्ध बँकेकडे हरकत घेता येते. व्हिसा, मास्टरकार्ड आणि रुपे या जाळ्यांचे त्यासाठी नियम आहेत. हरकतीला मुदत असते, म्हणून देयक हाती पडताच ती लेखी नोंदवावी. तक्रारीचा खुलासा, लागल्यास पुराव्याच्या कागदांसह, तीस दिवसांच्या आत देण्याचे बंधन बँकेवर आहे. समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि दुकानदाराविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे. २०१९ च्या ग्राहक कायद्याने दावा आपल्या राहत्या जिल्ह्यात लावण्याची सोय केली. विक्रेता दिल्लीचा असला तरी फिर्याद साताऱ्यात चालू शकते. ही सोय लहान नाही.

कार्डाचा गैरवापर तिऱ्हाइताने केला तर काय, याचा खुलासा रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने केला. बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले तर ग्राहकावर काही बोजा नाही. चार ते सात दिवसांत कळविले तर मर्यादित. त्यापुढे बँकेच्या धोरणाप्रमाणे. मात्र यात एक मोठी फट आहे. आपण स्वतः कोणाला गुप्त संकेतांक सांगितला असेल तर कळवीपर्यंतचा सारा तोटा आपला. हे घरातील वडीलधाऱ्यांना दिवाळीच्या फराळाच्या वेळीच समजावून सांगावे.

एक आणखी फसवे आकर्षण राहिले, ‘शून्य टक्के व्याजाचे हप्ते’. शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना स्पष्ट बजावले होते. व्याज कोठे तरी असतेच. ते प्रक्रियाशुल्कात असते, किंवा रोखीने मिळाली असती ती सूट न मिळण्यात असते. दुकानदाराला रोखीची किंमत आधी विचारावी, हप्ते मागाहून.

कोणत्या यात्रेला कोणती सवलत?

प्रवासाच्या सवलतींत मानाचे पान विमानतळावरच्या लाउंजला. मऊ खुर्ची, चहा, नाश्ता फुकट. आता सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत नियमित प्रवासी विमानतळ नाही. कऱ्हाडची धावपट्टी आहे, कवलापूरची जागा आहे. विमानासाठी मात्र पुण्याला किंवा कोल्हापूरच्या उजळाईवाडीला जावे लागते. वर्षातून एकदा विमानाने जाणाऱ्या कुटुंबात लाउंजचा फुकट प्रवेश बहुधा कार्डधारक एकट्याला. बायको-मुले आणि आई-वडील बाहेर बसणार आणि हा आत उपमा खाणार, असा प्रसंग उद्भवतो. तशात २०२३-२४ पासून बऱ्याच बँकांनी मागील तिमाहीत अमुक रकमेचा खर्च केला असेल तरच प्रवेश, अशी अट घातली. ज्या सवलतीसाठी कार्ड घ्यावे ती पुढच्या वर्षी आटते, हा अनुभव आता नवा राहिलेला नाही. यास्तव केवळ लाउंज पाहून कार्ड निवडणे आपल्याकडच्या घरांना परवडणारे नाही.

विमान-अपघात विम्याचेही तसेच. लाखांचा आकडा छापलेला असतो. पण तिकीट त्याच कार्डावर काढलेले असावे लागते आणि वारसाचे नाव नोंदलेले असावे लागते. कित्येक घरांत असा विमा आहे याचीच कोणाला कल्पना नसते. त्याउलट मिरजेहून किंवा साताऱ्याहून रेल्वेने निघणाऱ्या यात्रेकरूला आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर तिकीट काढताना अलीकडे माणशी ४५ पैशांत दहा लाखांपर्यंतचे अपघात-संरक्षण घेता येते. त्या चौकटीत खूण करावयाची आणि मागाहून येणाऱ्या दुव्यावर वारसाचे नाव भरावयाचे, एवढेच काम. आणि प्रवाससवलतच मोजावयाची तर आपल्या एसटीची मोजावी : ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या तिकिटात. पंढरपूरची वारी करणाऱ्या आजीला याहून मोठी सवलत कोणतीही बँक देत नाही. तिला वार्षिक शुल्कही नाही!

मग आपल्या घरासाठी सवलत कोणती पाहावी? वर्षभरात घर खरोखर कोठे जाते ते आठवावे. काशी-प्रयाग, तिरुपती, रामेश्वर रेल्वेने होत असतील तर रेल्वे-तिकिटावरचा व्यवहार-आकार माफ करणारे कार्ड उपयोगाचे. स्वतःच्या गाडीने गाणगापूर, अक्कलकोट, तुळजापूर होत असेल तर इंधनावरचा अधिभार माफ करणारे. श्रीलंकेतील रामायणस्थळांसारखी परदेशातील यात्रा योजली असेल तर परकी चलनावर आकारला जाणारा अधिभार विचारावा. तो पुष्कळ कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो आणि त्यावर जीएसटी वेगळा. मोती चौकातल्या किराणा दुकानापासून हरभट रोडपर्यंत रोजचा वापर यूपीआयवर होत असेल तर कार्ड रुपे जाळ्याचे मागावे. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची सोय सुरू झाली, आणि कार्ड घेताना जाळे निवडण्याचा हक्क मोठ्या बँकांच्या ग्राहकांना सप्टेंबर २०२४ पासून मिळाला. ज्यांच्यापाशी पगारपत्रक नाही, अशा गृहिणींना वा निवृत्तांना मुदत ठेवीच्या तारणावर कार्ड मिळते. त्याची मर्यादा ठेवीपुरती असल्याने हात आपोआप आखडता राहतो, आणि प्रस्तुत लेखकाला तो दोष वाटत नाही. यात्रेत कार्डाने रोकड मात्र काढू नये. रोकडीवर बिनव्याजी मुदत नसते, काढल्या क्षणापासून व्याज सुरू होते आणि शुल्क वेगळे. पुजाऱ्याची दक्षिणा आणि नावाड्याचे पैसे यांसाठी बचत खात्याचे कार्ड सोबत ठेवावे.

यात्रेच्या नोंदणीतली फसवणूक हा या घडीचा सर्वांत गंभीर विषय आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृहखात्याच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरूंना उघड इशारा दिला : केदारनाथच्या हेलिकॉप्टरची तिकिटे, चारधामची निवासस्थाने, गाड्या आणि यात्रासहली यांच्या नावाने बनावट संकेतस्थळे उभी केली जात आहेत. हुबेहूब देवस्थानची छायाचित्रे, ओंकाराचे चिन्ह, नम्र भाषा. पैसे भरले की पलीकडचा दूरध्वनी बंद. केदारनाथच्या हेलिकॉप्टरची अधिकृत नोंदणी २०२३ साली आयआरसीटीसीकडे सोपविण्यात आली, हे ज्याला ठाऊक आहे तो इतर कोठल्या पानावर पैसे भरणार नाही. फसवणूक झालीच तर क्षणही न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे आणि कार्ड बंद करावे. अशा वेळी बचत खात्यापेक्षा क्रेडिट कार्डाने भरलेले पैसे परत मिळण्याची शक्यता बरी असते. परंतु संकेतांक आपणच दिलेला असल्याने खात्री नाही. अनोळखी पानावर पैसे भरण्याआधी देवस्थानच्या कार्यालयाला एक दूरध्वनी करणे हे कोणत्याही कार्डापेक्षा भक्कम.

घेतलेले कार्ड नकोसे झाले तर सोडण्याची वाटही आता मोकळी आहे. २०२२ च्या निर्देशांप्रमाणे बाकी फिटलेली असेल तर बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पुरी करावी लागते. न केल्यास विलंबाच्या दर दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला. न मागता पाठविलेले कार्ड तर घरात ठेवावयाचे कारणच नाही. तीस दिवसांहून अधिक काळ ते सुरू केले नाही आणि संकेतांकाने संमतीही दिली नाही, तर बँकेला ते विनाखर्च बंद करावे लागते. सणाच्या उत्साहात दोन-तीन कार्डे आलेली असतील तर एक ठेवावे.

काशीहून परतल्यावर मावंदे घालण्याची आपल्याकडे रीत आहे. गंगेच्या गडूचे पूजन होते, भाऊबंद जेवतात. त्या जेवणाची यादी करावयास बसण्यापूर्वी यात्रेच्या महिन्याचे देयक आणि प्रवासातल्या पावत्या समोरासमोर ठेवून एकेक ओळ ताडून पाहावी. प्रयागच्या निवासाचे पैसे दोनदा लागले असतील, रद्द केलेल्या तिकिटाचा परतावा आला नसेल, तर हरकत घेण्याची मुदत त्याच आठवड्यात चालू असते.